घरातल्या कुणाला सायकियाट्रिस्टकडे न्यायचंय? निदान कसं होतं आणि घरून काय तयारी करून जायची

मी सायकियाट्री ओपीडीत सोशल वर्कर आहे. पेशंटच्या घरच्यांना घेऊन बसायचं आणि सगळी हिस्टरी लिहून काढायची हे माझं रोजचं काम. लोक येतात तेव्हा हातात जाडजूड फाईल असते, सीटी स्कॅन, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, सगळं असतं, पण हे नक्की कधी सुरू झालं आणि त्याआधी माणूस कसा होता एवढं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. आणि खरं सांगायचं तर मानसिक आजाराचं निदान बहुतेक वेळा ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरावरच होतं. ती उत्तरं घरूनच नीट तयार करून आणता यावीत म्हणून एवढं लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. डिप्रेशन, बायपोलर (कधी डिप्रेशन, कधी त्याच्या अगदी उलट), स्किझोफ्रेनिया (भास आणि पटवूनही न हटणारे संशय), ओसीडी (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येणं), पॅनिक (अचानक येणारा प्रचंड भीतीचा झटका), ह्यातलं काहीही दाखवणारी रक्ताची टेस्ट आज तरी नाही. मेंदूचा स्कॅन काढतात तो गाठ, रक्तस्राव वगैरे दुसरं काही नाही ना हे बघायला, स्कॅन नॉर्मल आला म्हणजे "काही झालेलं नाही, नाटकं करतोय" असा त्याचा अर्थ होत नाही, हे मला रोज कुणाला ना कुणाला तरी सांगावं लागतं. डॉक्टर निदान करतात ते चार गोष्टी जुळवून: पेशंट स्वतः काय सांगतो, घरचे काय सांगतात, समोर बसल्यावर डॉक्टरांना काय दिसतं, आणि शरीराचा कुठला आजार किंवा नशा ह्याच्या मागे नाही ना. मग हे सगळं ठरलेल्या निकषांवर ताडून बघतात, डब्ल्यूएचओचं आयसीडी नाहीतर अमेरिकेतलं डीएसएम. आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झालीये, तरी आपल्याकडच्या केसपेपरवर अजून दहाव्या आवृत्तीचे कोड दिसतात.

तारखा आठवत नाहीत? सण आठवा

"कधीपासून असं आहे?" ह्याला ठरलेलं उत्तर येतं, "झाले की बरेच दिवस". बरेच म्हणजे पंधरा दिवस की दोन वर्षं? निदानात ह्याने जमीन अस्मानाचा फरक पडतो. म्हणून मी तारीख विचारतच नाही, सण विचारते. एकदा एक आई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत), पंचविशीतला पोरगा, मान खाली, विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नव्हता. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"दिवाळीत कसा होता?"
"दिवाळीतच तर सुरू झालं, फराळालासुद्धा हात लावला नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन झोपायचा."
"दसऱ्याला?"
"दसऱ्याला जरा शांत शांत होता, पण जेवत होता."
"आणि गणपतीत?"
"गणपतीत? अहो गणपतीत एकदम मस्त होता, मंडळाचं सगळं ह्यानेच केलं, रात्र रात्र मांडवातच असायचा, झोपायचा पण नाही."
"झोपायचा नाही म्हणजे किती तास झोपायचा?"
"दोन तास फार झाले. पण दमायचा नाही हो, सकाळी परत ताजातवाना. तेव्हाच ते डीजेवाल्याला ॲडव्हान्स दिले ना, मंडळाचे नाही, ह्याचे स्वतःचे, मित्राकडून उसने घेऊन. आणि मोठमोठ्याने बोलायचा, पुढच्या वर्षी नगरसेवकाला उभा राहणार म्हणायचा."

आईंच्या दृष्टीने गणपतीतला पोरगा म्हणजे बरा असलेला पोरगा. पण बरेच दिवस सलग दोन तास झोपून न थकणं, ऐपत नसताना पैसे उधळणं, अखंड बडबड, आपण फार मोठे आहोत असं वाटणं, हे सगळं एकत्र आलं की डॉक्टर मेनियाचा विचार करतात. आणि मग आज समोर दिसतंय ते नुसतं डिप्रेशन राहत नाही, बायपोलर असू शकतं. हे माहीत नसताना फक्त डिप्रेशनची गोळी सुरू केली तर काही जणांमध्ये माणूस उलट मेनियात जातो, म्हणून हा फरक कागदावरचा नाही, औषधच बदलतं त्याने. एका गणपतीच्या प्रश्नाने.

तर तुम्ही हेच घरी बसून करा. एक वही घ्या, पानावर आडवी रेघ मारा, आणि मागच्या दोनेक वर्षांचे सण, लग्नं, परीक्षा, बाळंतपण, पेरणी, घरातले मृत्यू असं जे जे आठवेल ते त्या रेघेवर टाका. मग प्रत्येक ठिकाणी लिहा: झोप कशी होती, खात होता का, कामाला जात होता का, लोकांत मिसळत होता का. दोनतीन जणांनी मिळून करा कारण बायकोला एक आठवतं, भावाला दुसरं, आणि शेजारच्या काकूंना कधीकधी सगळ्यात जास्त. चांगले दिवससुद्धा लिहा, विशेषतः "फारच चांगले" दिवस.

आजाराची चाल बघून निदान करायचं हे काही आजचं नाही. क्रेपेलिन नावाच्या जर्मन मानसोपचार तज्ञांनी १८९९ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात मोठ्या मानसिक आजारांचे दोन गट पाडले तेच मुळी माणूस पुढे अनेक वर्षं कसा राहतो हे बघून. एमआरआय आले, जनुकं आली, तरी ओपीडीत पहिला प्रश्न अजून तोच आहे.

निष्कर्ष नको, दिसलेलं सांगा

"आळशी झालाय", "हट्टी झालीये", "संशयी आहे", "डोकं फिरलंय", हे ऐकून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी काय दिसलं ते सांगा. आळशी म्हणजे अकरा वाजेपर्यंत उठत नाही, अंघोळीला तीन तीन दिवस जात नाही, आधी रोज कट्ट्यावर जायचा आता मित्रांचा फोन उचलत नाही. संशयी म्हणजे बायकोचा मोबाईल तपासतो, की शेजारी भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात म्हणतो आणि खिडक्यांना कागद चिकटवतो? दोन्हीला घरात संशयच म्हणतात, पण डॉक्टरांसाठी ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्यात पुटपुटणं, हसणं, टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतात असं म्हणणं, कुणीतरी जेवणात काही घालतंय म्हणून घरचं न खाणं, हे दिसलं असेल तर पेशंटने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणा. तुमच्या भाषेत सुधारून नको.

बायकांच्या बाबतीत आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत एक फार होतं, मन उदास आहे असं कुणी म्हणतच नाही. डोकं दुखतं, अंगाला मुंग्या येतात, छातीत धडधड, पोटात गोळा, अंग जड, झोप नाही. हाडांचे डॉक्टर झाले, पोटाचे झाले, हार्टचे झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि घरचे वैतागलेले. ह्या तक्रारी खोट्या नसतात, त्रास खरंच होत असतो, आणि डिप्रेशन आणि अँग्झायटी आपल्याकडे पुष्कळदा अशीच समोर येते. तेव्हा ही लक्षणंही वहीत लिहा आणि त्याच्या शेजारी लिहा की ती कधी वाढतात, कधी विसरली जातात.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. सगळी म्हणजे बीपीची, सांधेदुखीची, आयुर्वेदिक चूर्ण, वजन कमी करायची पावडर, मेडिकलवाल्याने दिलेली झोपेची गोळी. स्टेरॉइडने माणसाचा मूड आणि वागणं खूप बदलू शकतं, आणि गावाकडच्या काही "रामबाण" पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून हे विचारतात.

दारूबद्दल "कधीतरी घेतात" हे उत्तर देऊ नका प्लीज. रोज क्वार्टर का, आठवड्यातून एकदा का, आणि शेवटची कधी घेतली. खूप वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली आणि दोनतीन दिवसांनी हात थरथरायला लागले, घाम, भिंतीवर किडे दिसायला लागले, माणसं ओळखेना, तर ते वेड नाही, दारू सुटल्याचा धोकादायक प्रकार आहे, त्यात जीव जाऊ शकतो, ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं. गांजाचंही तसंच, पोराने दोस्ताबरोबर ओढला असेल तर डॉक्टरांना कळलं पाहिजे, ते पोलिसांना बोलवायला बसलेले नसतात.

आणि घराण्यातलं. "आमच्यात असं कुणाला नाही" हे सगळेच म्हणतात. थोडं थांबून विचार करा, एखादी आत्या, एखादे चुलते, ज्यांचं नाव निघालं की घरात विषय बदलतात, जे घर सोडून गेले किंवा ज्यांनी जीव दिला. कुणाला कुठल्या गोळीने बरं वाटलं होतं हेही माहीत असेल तर सोनं, कारण रक्ताच्या नात्यात तीच गोळी लागू पडते का हे डॉक्टर विचारात घेऊ शकतात.

किती दिवस म्हणजे आजार?

एक दिवस रडू आलं म्हणजे डिप्रेशन नाही. निकषात काळ दिलेला असतो आणि तो माहीत असला की घरातली अर्धी भांडणं मिटतात. डिप्रेशनसाठी किमान दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ, जवळपास रोज, आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं ह्यापैकी एक तरी पाहिजेच, त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार अशी सगळी धरून कमीत कमी पाच लक्षणं. मेनियासाठी साधारण एक आठवडा, किंवा ॲडमिट करावं लागेल इतकं तीव्र असेल तर त्याहून कमीही चालतं. स्किझोफ्रेनियाला आयसीडीत एक महिना, डीएसएममध्ये सगळा काळ धरून सहा महिने, म्हणूनच पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागलेल्या पोराच्या कागदावर डॉक्टर लगेच तो शब्द लिहीत नाहीत. पॅनिक अटॅक मात्र काही मिनिटांत टोकाला जातो, लोक हार्ट अटॅक समजून आयसीयूत पोचतात, आणि पहिल्या वेळी तसंच करायला पाहिजे, ईसीजी काढून हार्टचं नाही हे बघितल्याशिवाय "पॅनिक आहे" असं घरी ठरवायचं नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, एका जागी न बसवणं) मोठेपणी कळलं तरी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं शोधून न्या, वर्गशिक्षिकेने लिहिलेला "हुशार आहे पण एका जागी बसत नाही" हा शेरा फार कामाचा असतो.

काळाबरोबर अजून एक बघतात, रोजच्या जगण्यात अडथळा किती. चिंता सगळ्यांनाच असते, पण गॅस बंद केलाय का हे बघायला रस्त्यातून दहादा परत येऊन नोकरी जायची वेळ आली तर तो अडथळा.

मोबाईलवरच्या टेस्ट

पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ ह्या दोन प्रश्नावल्या खऱ्या आहेत, दवाखान्यातही वापरतात. पीएचक्यू-९ डिप्रेशनसाठी, त्यात नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायला पाहिजे असं समजा. जीएडी-७ अँग्झायटीसाठी, एकूण २१, तिथेही साधारण दहाच्या वर लक्ष द्यायचं. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी एडिनबराची दहा प्रश्नांची यादी, दारूसाठी डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची प्रश्नावली, ही पण दहाच प्रश्नांची. करायला हरकत नाही, उलट स्कोअर तारखेसह लिहून ठेवा, औषध सुरू झाल्यावर फरक मोजायला उपयोगी पडतो.

पण स्कोअर म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड कमी असलेल्या माणसालाही पीएचक्यूत पंधरा येतील, आईला जाऊन आठवडा झालेल्या मुलीलाही येतील, आणि वर सांगितलेल्या त्या मंडळाच्या पोरालाही येतील, तिघांचे उपाय तीन वेगळे. उलट बाजूने, मेनियात असलेला किंवा आवाज ऐकू येणारा माणूस ह्या टेस्टमध्ये झकास पास होऊ शकतो. आणि नवव्या प्रश्नाला, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या, शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण स्कोअर कितीही कमी असू दे, त्याच दिवशी बोला.

प्रश्नावली आणि माणूस दोन्ही एकत्र आले की मात्र मोठं काम होतं. गोव्यातल्या संगत संस्थेचं काम बघा, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या पेशंटना प्रश्नावली देऊन आधी ओळखायचं आणि मग ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी बसून बोलायचं, गरज पडली तर सायकियाट्रिस्ट, असा प्रयोग केला आणि २०१० मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले, सरकारी केंद्रांत जास्त लोक बरे झाल्याचं दिसलं. डॉक्टर कमी असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी मला हे फार मोलाचं वाटतं.

डॉक्टर आत काय करतात

पहिली भेट लांब चालते, चांगली गोष्ट आहे, वैतागू नका. घरच्यांना बाहेर थांबवून पेशंटशी एकट्याशी बोलतील, त्यावर रागावू नका. सुनेला सासूसमोर काय सांगता येणार? तुम्हालाही पेशंटच्या मागे काही सांगायचं असेल तर तसं सांगा.

बोलता बोलता डॉक्टर खूप काही टिपत असतात, कपडे, नजर, बोलण्याचा वेग, हसू आणि बोलणं जुळतंय का, एका विषयावरून दुसऱ्यावर कसा जातो. मग काही प्रश्न येतात जे ऐकून घरचे चक्रावतात. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पडलेलं दिसलं तर काय कराल, "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणजे काय. कुणी म्हणतो दुसऱ्याला दोष देणं, कुणी म्हणतो अंगण खरंच वाकडं असेल तर नाचता येत नाही. हे लक्ष, स्मरण, विचार आणि निर्णयशक्ती बघायला असतं. त्यात पेशंट अडखळला तर शेजारून उत्तर सांगू नका, सवयीने सांगितलं जातं, पण मग तपासणीच वाया जाते. शिकलेला नसेल तर डॉक्टर वजाबाकीऐवजी भाजीच्या हिशोबाचं विचारतात, नाही विचारलं तर तुम्ही सांगा की शाळा चौथीपर्यंतच झालीये.

केसपेपरवर शेवटी "इनसाइट" असं लिहून आकडा असतो, सहापैकी. आपल्याला त्रास आहे हे पेशंटला किती पटलंय ह्याचं ते माप. एक असेल तर त्याच्याशी "तुला आजार आहे" म्हणून भांडून काही उपयोग नाही, त्याच्यासाठी ते आवाज खरेच आहेत.

काही वेळा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे टेस्टसाठी पाठवतात, आयक्यू, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व, शाईच्या डागांची चित्रं वगैरे. प्रत्येकाला लागत नाहीत. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका, आजकाल चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक काउन्सेलरची पाटी लावतात.

आधी शरीर तपासा

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर, सोडियम, ह्या साध्या तपासण्या डॉक्टर बहुधा सांगतात. थायरॉइड कमी झालं तर डिप्रेशनसारखं दिसतं, वाढलं तर अँग्झायटीसारखं. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या वयस्कर माणसात बी-१२ कमी असणं आपल्याकडे खूप बघायला मिळतं आणि त्यातून विसरभोळेपणा, चिडचिड सगळं होऊ शकतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल तर हे पाठच करा: काल संध्याकाळपर्यंत नीट असलेल्या सासूबाई आज अचानक "खोलीत लहान मुलं आलीत" म्हणाल्या, दिवसा गुंगीत, रात्री आरडाओरडा, कधी ओळखतात कधी नाही, तर ते वेड नाही आणि एका रात्रीत आलेला डिमेन्शियाही (स्मृतिभ्रंश) नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, न्यूमोनिया, नवीन सुरू केलेली गोळी, असं काहीतरी असतं, त्याला डेलिरियम म्हणतात आणि ती इमर्जन्सी आहे. फिजिशियनकडे न्या, आजच्या आज. डिमेन्शिया महिने-वर्षं घेत हळूहळू येतो.

देव-देवस्कीचं काय

हे टाळून चालत नाही, कारण आमच्याकडे येणारे कितीतरी जण आधी देवऋषाकडे जाऊन आलेले असतात. ते लपवू नका, आम्ही हसत नाही, रागवत नाही. कधी नेलं, काय केलं, किती दिवस बरं वाटलं, हे हिस्टरीचाच भाग आहे. नवरात्रात ठरलेल्या वेळी अंगात येणं, आरती संपली की माणूस नेहमीसारखा, घरदार काम सगळं व्यवस्थित, ह्याला कुणी आजार म्हणत नाही, आयसीडीतही तसंच आहे, धार्मिक रीतीचा भाग असेल तर आजार नाही. पण नको असताना, कधीही, कुठेही येतंय, माणसाला स्वतःलाच त्याचा त्रास होतोय, संसार विस्कटतोय, तर तपासायला पाहिजे. सोवळ्याचंही तेच. आजी सोवळ्यात स्वयंपाक करतात ती रीत. पण सून रोज तीन तास हात धुतेय, कातडी सोलवटलीये, तिला स्वतःलाच हे बंद व्हावंसं वाटतंय पण होत नाहीये, तर ते ओसीडी असू शकतं. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, त्याच्या खुर्चीकडे बघून बोलणं, हे दुःखाच्या पहिल्या दिवसांत अगदी नॉर्मल आहे.

मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं हे मात्र कुठल्याही नावाखाली नको. भूत उतरवायचं म्हणून बांधून मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही पेशंटला साखळीने बांधायला मनाई आहे.

मरणाचे विचार: स्पष्ट विचारा

विचारलं तर डोक्यात येईल ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही, उलट विचारल्यावर पुष्कळ जण रडून मोकळे होतात. हळूहळू जा: "फार थकल्यासारखं वाटतंय का? जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलंयस का?" शेवटच्या प्रश्नाला हो आलं, किंवा माणूस वस्तू वाटून टाकतोय, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलतोय, तर एकटं सोडू नका. शेतातलं फवारणीचं औषध, गोळ्यांचे साठे घरातून हलवा, कुलपात नाही, शक्यतो दुसऱ्याच्या घरी. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका, २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, सांभाळायचं.

कागदावर काय लिहिलंय

एफ३२ म्हणजे डिप्रेशनचा एपिसोड, एफ३१ बायपोलर, एफ२० स्किझोफ्रेनिया, एफ४१ पॅनिक आणि अँग्झायटीचा गट, एफ४२ ओसीडी. त्याच्या आधी प्रश्नचिन्ह असेल किंवा "प्रोव्हिजनल" लिहिलं असेल तर डॉक्टर अजून बघतायत. लोकांना ते आवडत नाही, "त्यांनाच कळलं नाही" म्हणून दुसरा दवाखाना गाठतात. मला मात्र प्रश्नचिन्ह लिहिणाऱ्या डॉक्टरबद्दल जास्त विश्वास वाटतो, वीस वर्षांच्या पोराच्या पहिल्या एपिसोडला कायमचं लेबल लावण्याची घाई त्यांनी केली नाही म्हणून. काही आठवड्यांनी, कधी वर्षभराने निदान बदलतं, म्हणजे आधीचं खोटं होतं असं नाही, तेव्हा एवढंच दिसत होतं.

निदान झालं की डॉक्टरांना एवढं विचारा: ह्याच्याशिवाय अजून कशाची शक्यता तुमच्या मनात आहे? काय दिसलं तर तुम्ही निदान बदलाल? औषधाचा परिणाम किती आठवड्यांत दिसायला हवा? डिप्रेशनच्या गोळ्यांना साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, पाचव्या दिवशी फरक नाही म्हणून बंद करू नका.

कायद्याचं थोडं. निदान मान्य वैद्यकीय निकषांवरच झालं पाहिजे, कुणी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, जातीचे किंवा समाजाचे नियम मोडले म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही. माहिती गुप्त ठेवणं हा पेशंटचा हक्क, स्वतःचे रेकॉर्ड मागणं हाही हक्क, आणि इन्शुरन्स कंपनीने शरीराच्या आजारासारखंच मानसिक आजाराला कव्हर द्यायचंय.

यायलाच तयार नसेल तर खोटं सांगून आणू नका, "बीपी तपासायला जाऊ" म्हणून आणलेला पेशंट परत कधी तुमच्यावर भरवसा ठेवत नाही. "तुला झोप लागत नाहीये, त्यासाठी जाऊ" हे खरंही आहे आणि बहुतेकांना पटतंही. नाहीच तयार झाला तर आधी तुम्ही एकटे येऊन बोला, बऱ्याच ठिकाणी चालतं. जवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सायकियाट्री ओपीडी असते, प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे गेलं की ॲडमिटच करतात असं नाही, ओपीडीत दाखवून औषध घेऊन संध्याकाळी घरी जाणारेच जास्त.

सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण जुनी फाईल लपवून "फ्रेश" दाखवायला जाऊ नका. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे घेतली, मध्ये किती दिवस चुकली आणि कशाने बंद केली, एवढं एका पानावर लिहून न्या. पूर्ण डोसात सहा आठवडे घेऊन लागू पडली नाही आणि चार दिवस घेऊन झोप येते म्हणून टाकून दिली, ह्या दोन्हीला घरी "ती गोळी चालली नाही" असंच म्हणतात, आणि नवीन डॉक्टर पुढचं सगळं त्याच वाक्यावर ठरवणार असतात.